नव्याण्णव टक्के कशाचे?

एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरून येतोय. फोनसमोर तीस सेकंद ‘आ’ म्हणा, पार्किन्सन्स म्हणजे कंपवात आहे की नाही ते ९९ टक्के अचूक कळेल, लक्षणं दिसण्याच्या दहा वर्षं आधी कळेल, डॉक्टरची गरज नाही. धादांत खोटं असतं तर सोडून दिलं असतं. यात खऱ्याची फोडणी आहे, म्हणून ते खपतं.

‘आवाजावरून आजार कळतो.’ पार्किन्सन्समध्ये आवाज बिघडतो, हे खरं. बहुतेक रुग्णांना कधी ना कधी तो त्रास होतो. पण मेसेजमध्ये लिहिलंय तसा आवाज ‘थरथरतोच’ असं नाही. जास्त करून तो क्षीण होतो, एकसुरी होतो, बोलण्यातला चढउतार जातो. गंमत म्हणजे रुग्णाला स्वतःला हे जाणवत नाही. घरच्यांनाच कमी ऐकू येतंय, अशी त्याची तक्रार असते. संगणक मोजतो ते याहून सूक्ष्म असतं: लांबवलेल्या ‘आ’मध्ये स्वरतंतूंचं प्रत्येक कंपन आधीच्या कंपनाशी किती जुळतं, आवाजात हवेची खरखर किती आहे. पण सर्दी, धूम्रपान, घशापर्यंत येणारं आम्लपित्त, नुसतं वाढतं वय, या सगळ्यांनीही हेच आकडे हलतात.

‘९९ टक्के अचूक.’ हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. आवाजावरून पार्किन्सन्स ओळखण्यावर काम करणारे गणितज्ञ मॅक्स लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१२ च्या शोधनिबंधात तो जवळपास असाच आहे. फक्त तिथे माणसं होती ४३, त्यातले ३३ रुग्ण, आणि ध्वनिमुद्रणं २६३. म्हणजे एकेका माणसाचा आवाज पाचसहा वेळा घेतलेला. एकाच माणसाची काही मुद्रणं संगणकाला शिकवताना वापरली आणि उरलेली त्याच्या परीक्षेत आली, तर तो आजार ओळखतोय की माणूस, हे कसं ठरवायचं? याच क्षेत्रातला, सगळ्यांना खुला असलेला एक जुना संच आहे: ३१ माणसं, १९५ मुद्रणं, त्यातली १४७ रुग्णांची. इथे डोळे मिटून प्रत्येकाला ‘रुग्ण’ म्हटलं तरी ७५ टक्के ‘अचूकता’ पदरात पडते! या संचावर केलेल्या प्रकल्पांचे चमकदार आकडे वाचताना मी आधी हा ७५ आठवतो.

मग मोठ्या संख्येवर काय झालं? तेही बऱ्याच अंशी याच संशोधकांनी करून पाहिलं, आणि हे त्यांचं श्रेय. साध्या फोनवरून सुमारे १,५०० रुग्ण आणि ८,३०० निरोगी लोकांचे आवाज घेतले. २०१९ मध्ये निकाल आला: रुग्णांपैकी सुमारे ६५ टक्के ओळखले गेले, निरोगींपैकी सुमारे ६८ टक्क्यांना बरोबर ‘निरोगी’ म्हटलं गेलं. मेसेजमध्ये हा निकाल कुठेच नाही.

आता हाच हिशेब एका मोठ्या वस्तीला लावा. साठीच्या पुढचे हजार लोक, त्यात साधारण दहा रुग्ण धरू. चाचणी सहासात जणांना पकडेल, तीनचार सुटतील, आणि धडधाकट ९९० पैकी तीनशेहून अधिक जणांना ‘तुम्हाला पार्किन्सन्स असू शकतो’ असं सांगेल. बरं, ९९ टक्के खरे मानले तरी दहा खऱ्या रुग्णांबरोबर दहा निरोगी माणसं अडकतातच.

‘दहा वर्षं आधी.’ झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणाऱ्या काही लोकांना पुढे हा आजार होतो; अशांच्या बोलण्यात आधीच बारीक फरक सापडले आहेत. पण ते गटाच्या सरासरीतले फरक. त्यावरून एका माणसाला तारीख देता येत नाही.

‘डॉक्टरची गरज नाही.’ निदानाच्या सध्याच्या निकषांत हालचालींचा मंदपणा असावाच लागतो, आणि त्याच्या जोडीला स्नायूंचा ताठरपणा किंवा स्वस्थ असताना येणारा कंप. हे डॉक्टर हात हलवून, चालायला लावून तपासतात. आवाजाचं मोजमाप मला जास्त उपयोगी वाटतं ते निदान झाल्यावर: त्याच माणसाचा आजचा आवाज आणि त्याचाच तीन महिन्यांपूर्वीचा आवाज. तिथे तुलना परक्याशी नसते.

माझी खरी काळजी मात्र खोट्या घाबरवण्याची नाही, खोट्या दिलाशाची आहे. अक्षर बारीक होत चाललंय, चालताना एकच हात हलत नाही, एका खांद्याचं आखडणं जात नाही, आणि ॲप म्हणतं ‘सर्व ठीक’. तो माणूस न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं पुढे ढकलेल.