‘मशीन पाड जालां’

फोंडा ते पणजी या वाटेवर पेट्रोलपंपांची वाण नाही. वाण आहे ती टायरमध्ये नीट हवा भरून देणाऱ्या एका चालू यंत्राची. पंपावर हवा विनामूल्य मिळाली पाहिजे, असे तेल कंपन्यांचीच नियमावली सांगते आणि तसा फलकही बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरांत लावलेला असतो. गेल्या सोमवारी त्या फलकांवर विश्वास ठेवून मी तीन पंपांवर थांबलो. पहिल्या ठिकाणी तेथील मुलाने मोबाईलवरून नजर न काढता, “पात्रांव, मशीन पाड जालां, फाल्यां येयात,” (मालक, यंत्र बिघडले आहे, उद्या या) असे कोकणीत सांगून मला वाटेला लावले. दुसऱ्या ठिकाणी यंत्र धडधाकट होते, पण हवा भरणारा माणूस जेवायला गेल्याचे कळले. तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. तिसऱ्या ठिकाणी माणूस आणि यंत्र दोन्ही हजर होते, आणि खरा मनस्ताप तेथेच झाला.

त्या गृहस्थाने काहीही न विचारता यंत्रावर ३५ हा आकडा लावला. माझ्या गाडीला ३३ लागतात, चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर तसे लिहिलेलेच आहे, असे मी सांगितले, तर “सगळ्यांना पस्तीसच मारतो,” हे उत्तर मिळाले. हुज्जत घालून आकडा ३३ वर आणून घेतला. नळीचे तोंड झिजलेले असल्यामुळे व्हॉल्व्हपाशी अर्धी हवा फुसफुसत बाहेर जात होती. यंत्राने ‘टुं’ असा आवाज केला, काम झाले असे जाहीर झाले आणि चारपैकी दोन व्हॉल्व्हची टोपणे तो परत लावायला विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हललेली नसताना, मी स्वतःच्या मापकाने दाब पाहिला तेव्हा चार चाकांत अनुक्रमे २८, २७, ३० आणि २६ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) निघाले.

यातील थोडा फरक उष्णतेचा असतो, हे मला मान्य आहे. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर धावली की टायर तापतो आणि दाब तीन-चार पीएसआयने वाढतो. गाडीच्या चौकटीवरचा आकडा थंड टायरचा असतो, त्यामुळे तापलेल्या टायरमध्ये तोच आकडा गाठला की थंड झाल्यावर हवा कमीच भरणार. परंतु एकाच गाडीच्या चार चाकांत चार वेगळे आकडे यावेत, याचे खापर उन्हावर कसे फोडायचे? पेट्रोलच्या यंत्राला वैधमापन खात्याचे सील असते, पाच लिटरचे माप मागवून आपण पेट्रोल तपासूनही घेऊ शकतो. हवेच्या आकड्याकडे मात्र तो फुकट आहे म्हणून कोणी ढुंकून पाहत नाही.

फुकट कसला? माझे रोजचे जाणे-येणे साठ किलोमीटर आहे, म्हणजे महिन्याला दीड हजार, आणि लिटरला पंधरा किलोमीटर या हिशेबाने शंभर लिटर पेट्रोल. चारही टायरांतील दाब सरासरी १ पीएसआयने कमी झाला, तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते, असा ढोबळ हिशेब आहे. मागच्या पावसाळ्यात माझे टायर कित्येक आठवडे २३ वर चालत होते, हे मला मापक विकत घेतल्यावर कळले. दहा पीएसआयची तूट म्हणजे दोन टक्के, म्हणजे महिन्याला दोन लिटर. रक्कम लहान आहे आणि तेवढ्यावरच भागले असते, तर मी गप्प बसलो असतो. पण कमी हवेचा टायर रस्त्यावर पसरतो, त्याचा भार कडांवर येतो आणि कडा आधी झिजतात. चाळीस हजार किलोमीटर चालतील अशी ज्यांची अपेक्षा होती, ते माझे टायर सत्तावीस हजारांतच बदलावे लागले. टायरवाल्याने जुना टायर उभा करून दाखवला. मधली नक्षी शाबूत होती आणि दोन्ही कडा तळहातासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. चार टायरांचे वीस हजार रुपये मी मोजले, पंपाने नव्हे.

यावर वरताण म्हणजे फुकटचे सल्ले. एप्रिल-मे महिन्यांत “उन्हाळा आहे, दोन कमीच ठेवा, नाहीतर फुटेल,” असे ऐकवणारा भेटला नाही, असे एकही वर्ष गेलेले नाही. वस्तुतः हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतात, त्या दुमडण्याने टायर अधिक तापतो, आणि फुटण्याचा धोका खरा तेथे असतो. पावसाळ्यात हेच लोक “हवा कमी असली की पकड चांगली मिळते,” असे सांगतात. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावरून मऊ टायर उलट लवकर घसरतो. आणि यांतले काहीच पटले नाही, तर शेवटी पैसे घेऊन नायट्रोजन भरण्याचा आग्रह होतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि मापकच चुकीचा असेल, तर उरलेल्या बावीस टक्क्यांनी काय दिवे लागणार आहेत?

आता मी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप विकत घेतला आहे आणि दर पंधरा दिवसांनी, ऑफिसला निघण्यापूर्वी, अंगणात उकिडवा बसून चारही चाके तपासतो. शेजारचे काका रोज नवा विनोद करतात. काल पेट्रोल भरायला त्याच पहिल्या पंपावर गेलो होतो. हवेच्या यंत्रावर निळी ताडपत्री दोरीने आवळून बांधली होती, आणि ‘हवा विनामूल्य’ हा फलक चतुर्थीच्या तोंडावर नव्याने रंगवलेला होता.