लगवाडीवाल्यांनो, आधी फेडरेशन काढा

राजेहो, पानठेल्याच्या मागं उभं राहून आयपीएलची लगवाडी, म्हणजे सट्टा, घेणं हा काही धंदा नव्हे. धाड पडते, मोबाइल आणि वही जप्त होते, दुसऱ्या दिवशी पेपरात मान खाली घातलेला फोटो. इतकी वर्षं झाली तरी तुम्ही बुकीच. उद्योजक कधी होणार?

पहिल्यांदा तुमच्या खेळाला कौशल्य लागतं हे सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयानं 1968 साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा. म्हणजे हातात तेरा पत्ते असले की बुद्धी, तीन असले की जुगार. दहा पत्ते वाढवून घ्या, विषय संपला. घोड्यांच्या शर्यतीलाही 1996 मध्ये कौशल्य ठरवण्यात आलं. घोड्याचं की पैसे लावणाऱ्याचं, या फंदात पडू नका.

मग फेडरेशन काढा. एकट्यानं ठाणेदाराला भेटलं तर लोक भलतंच समजतात. फेडरेशन काढून दिल्लीत मंत्रालयाला भेटलं की त्याला सल्लामसलत म्हणतात. हिवाळी अधिवेशनात मोर्चा तेवढा नेऊ नका. तो नागपूरच्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडतो. मोर्चे अंगणवाडीच्या बायांना राहू द्या.

आता खरी गोम ऐका. कायदा जुगाराविरुद्ध मागायचाच नसतो, तो शेजारच्या दुकानाविरुद्ध मागायचा असतो. लास वेगासचे कॅसिनोसम्राट शेल्डन अ‍ॅडेल्सन यांनी ऑनलाइन जुगारावर बंदी यावी म्हणून 2014 च्या सुमारास एका आघाडीला पैसा पुरवला. घरी बसून जुगार खेळला की पोरं बिघडतात; त्यांच्या कॅसिनोत येऊन खेळली की सुधारत असावीत. त्याआधी 2006 मध्ये अमेरिकेनं ऑनलाइन जुगाराचे पैसे अडवणारा कायदा केला, तो बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला शेपूट म्हणून जोडून. त्यातही घोड्यांच्या शर्यतीला आणि फँटसी खेळांना (खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ लावायचा) मागच्या दारानं वाट ठेवलेली. असं दार आपल्या मापाचं करून घेता आलं पाहिजे.

आपल्याकडंही कमी नाही. गूगलनं 2022 मध्ये प्ले स्टोअरवर प्रायोगिक म्हणून पैशांच्या खेळांपैकी फक्त फँटसी आणि रमीला जागा दिली. कॅरमही चालवणारी विंझो ही कंपनी बाहेर राहिली, म्हणून ती बाजारातली स्पर्धा राखणाऱ्या स्पर्धा आयोगाकडं गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला. नागपुरातल्या महाल भागातल्या कुठल्याही मंडळात विचारा, राणी घेऊन वर कव्हर काढायला कौशल्य लागतं की नाही.

आकडे मात्र जपून निवडा. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचं विधेयक आलं तेव्हा उद्योगाच्या तीन संघटनांनी एकत्र येऊन गृहमंत्र्यांना पत्र लिहिलं: दोन लाख नोकऱ्या जातील, सरकारचा वर्षाचा 20,000 कोटींचा कर बुडेल. लोक या खेळांत वर्षाला किती घालवतात, याचा सरकारी अंदाजही नेमका 20,000 कोटींचाच होता. तुम्ही पहिला 20,000 सांगायचा. दुसरा खेळणाऱ्याच्या बायकोला माहीत असतो.

एवढं करूनही कधीकधी पत्ते उलटे पडतात. 20 ऑगस्टला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. तीन संघटना, नामांकित वकील, क्रिकेट संघाच्या छातीवरचं नाव, काही कामी आलं नाही.

आमच्या ठेल्यावरचा भाऊ मात्र खुशीत होता. ना वकील, ना फेडरेशन. संसदेनं त्याचा सगळ्यात मोठा स्पर्धक दोन दिवसांत फुकटात उठवून दिला. खर्रा घोटता घोटता (सुगंधित तंबाखूवरही राज्यात बंदीच आहे) त्यानं मला विचारलं, "सर, आभाराचं पत्र कोनाले धाडाचं असते?"