भांडण तुमचं, डिपॉझिट मामीचं

आमच्या नाशिकच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. अर्धे म्हणतात, खासगी हॉस्पिटलवाले सरकारी जन आरोग्य योजनेच्या पेशंटला नाडतात. डॉक्टर असलेला मावसभाऊ म्हणतो, योजनेने प्रत्येक उपचाराला ठरवलेले पॅकेजचे दर परवडत नाहीत आणि क्लेमचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. जर्मनीत श्टुटगार्टमध्ये बसून मला दोन्ही पटतं.

निमित्त मामाची अँजिओप्लास्टी. निफाडहून त्याला रात्री नाशिकला आणलं. केशरी रेशनकार्ड होतं, आधार होतं. काउंटरवर उत्तर मिळालं, "जन आरोग्य योजनेत बसेल, पण मंजुरी येईपर्यंत चाळीस हजार भरा." मामीने द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर नुसता आकडा! आणि योजनेच्या पेशंटला मदत करायला हॉस्पिटलात बसणाऱ्या आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी. वास्तविक तातडीच्या पेशंटसाठी फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय या योजनेतच आहे. ती मामीला कोण सांगणार?

योजना वाईट नाही, हेही सांगतो. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी पुढे महात्मा फुल्यांच्या नावाने राज्यभर चालली, आणि 2023 मध्ये सगळ्याच कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण द्यायचा निर्णय झाला. मामीने त्यासाठी हप्ता भरलेला नाही. इथे पगाराचे 14.6 टक्के आणि वर थोडे आरोग्य विम्याला जातात. निम्मे कंपनी भरते, निम्मे मी. एवढं भरूनही त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला महिने लागतात, तेव्हा जर्मनीचे गोडवे मी गाणार नाही.

पण एक फरक खटकतो. इथेही हॉस्पिटलला आजारानुसार ठरावीक रक्कमच मिळते, आणि तीवरून हॉस्पिटलं कायम कुरकुरतात. मात्र दर दरवर्षी वाटाघाटी करून ठरतात, बिलावरून विमा संस्था आणि हॉस्पिटल एकमेकांना कोर्टात खेचतात, आणि खाटेवरच्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. त्याने द्यायचे दिवसाला दहा युरो, तेही वर्षात फार तर 28 दिवस.

आपल्याकडे तेच भांडण मामीच्या पिशवीत हात घालून मिटवलं जातं. मावसभावाचं गाऱ्हाणं खरं असेल, तर क्लेम मुदतीत न देणाऱ्या सरकारकडून व्याज मागावं. मी त्याच्या बाजूने ग्रुपवर भांडेन. पण योजनेच्या पेशंटकडून पैसे घेतले तर पक्की पावती, आणि योजना नाकारली तर कारण लेखी, एवढं त्याने स्वतःच्या हॉस्पिटलात उद्यापासून सुरू करावं.