‘बळी तो कान पिळी’ म्हणजे उत्क्रांती नव्हे

बारावीच्या पोरांच्या मोबाईलवर सध्या ‘इकॉलॉजी आणि उत्क्रांती फक्त पाच ओळींत’ असा फॉरवर्ड फिरतोय. राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये परवाच्या चाचणीत तिघांनी त्यातली चुकीची उत्तरं जशीच्या तशी उतरवली. म्हणून हा प्रपंच.

पहिली ओळ : ‘उत्क्रांतीत ताकदवान तोच टिकतो.’

कोल्हापूरच्या पोराला हे पटकन पटतं, कारण डोळ्यांसमोर कुस्तीचं खासबाग मैदान येतं. पण ‘सक्षम ते जगतील’ मधल्या ‘सक्षम’चा दंडाच्या घेराशी संबंध नाही. हा शब्दप्रयोग मुळात इंग्लिश तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ सालचा; डार्विनने तो १८६९ च्या, म्हणजे आपल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत घेतला. जीवशास्त्रात सक्षमता मोजतात ती पुढच्या पिढीत किती पिल्लं पोचली यावर. त्या हिशेबाने कुस्तीपायी जन्मभर ब्रह्मचारी राहिलेल्या मल्लाची सक्षमता शून्य, आणि आखाड्याबाहेर शेंगा खात बसलेला चार लेकरांचा बाप त्याच्या पुढे. वस्ताद मंडळींनी राग मानू नये. शिवाय आज सक्षम असलेला उद्या असेलच असं नाही. पाऊसपाणी बदललं की हिशेब बदलतो.

दुसरी ओळ : ‘गरज पडली की प्राणी स्वतःला बदलतो. उदा. डासांना औषधाची सवय होते.’

सगळ्यात घातक ओळ हीच, कारण ऐकायला अगदी खरी वाटते. सवय एकाही डासाला होत नाही. डीडीटी फवारलं की बहुतेक डास मरतात. ज्या मोजक्यांच्या जनुकांत योगायोगाने असा फरक असतो की विषाचा परिणाम कमी होतो, ते उरतात आणि अंडी घालतात. काही पिढ्यांनी गटारावर तसल्याच डासांची गर्दी. बदलला तो डासांचा समूह, डास नव्हे. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला असा बदल, गरज ओळखून येत नाही, हे साल्व्हादोर लुरिया आणि माक्स डेल्ब्रुक यांनी १९४३ मध्ये जीवाणूंवर दाखवलं : विषाणूला दाद न देणारे जीवाणू विषाणूची गाठ पडण्याआधीच तयार झालेले होते. उन्हात राबून कातडी रापते तो बदल वेगळा. रापलेल्या बापाचं बाळ रापलेलं जन्मत नाही.

तिसरी : ‘अधिवास आणि निश एकच.’

संध्याकाळी भेळ खायला रंकाळ्यावर जाताच, तर जरा पाण्याकडेही बघा. खंड्या फांदीवरून सूर मारून मासा उचलतो. पाणकावळा बुडी मारून पाण्याखाली पाठलाग करतो. बगळा काठच्या उथळ पाण्यात पुतळ्यासारखा उभा राहतो. अधिवास तिघांचा एकच, तळं. पण कुठल्या खोलीवर, कशा रीतीने पोट भरायचं हे प्रत्येकाचं वेगळं, आणि निश म्हणतात ते यालाच.

चौथी, ‘माणूस माकडापासून झाला, मग माकडं अजून का?’ याला दोन वाक्यं पुरेत. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता, सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. चुलतभाऊ जिवंत आहे म्हणून आपण आजोबांचे नातू नाही, असं कुणी म्हणतं का?

पाचवी : ‘हिरवंगार तळं म्हणजे निरोगी परिसंस्था, वनस्पती ऑक्सिजन देतात.’

हे कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याला दंडवत! पंचगंगेवर केंदाळाचा गालिचा पसरतो, तोही हिरवागारच असतो. केंदाळ म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस मिळालं की पाण्यावर आडव्या पसरणाऱ्या खोडातून फुटवे काढत झपाट्याने वाढते. तिची पानं पाण्यावर, त्यामुळे ऑक्सिजन जातो हवेत. खाली उजेड पोचत नाही, म्हणून पाण्यातल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं. वर केंदाळ कुजायला लागलं की ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला विरघळलेला ऑक्सिजनही संपवतात. मग मासे तोंड वर काढून तडफडतात. पाण्यात पोषकद्रव्यं वाढून होणाऱ्या या प्रकाराला सुपोषण म्हणतात, आणि नावातल्या ‘सु’ला भुलून गेल्या वर्षी एका पोराने तो तळ्याचा फायदा म्हणून लिहिला होता.