जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार ‘अस्सल’ कशी करावी

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकायला काढताना जाहिरातीत सर्वप्रथम ‘मॅचिंग नंबर्स’ (म्हणजे कारखान्यात बसवलेले मूळ इंजिनच अजून गाडीत आहे) हे दोन शब्द घालावेत. चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणि इंजिनावरचे क्रमांक वाचून पाहण्याची घाई करू नये. नवा रंग आणि नवे लेदर यांनी किंमत चढत नाही इतकी या दोन शब्दांनी चढते, आणि शब्दांना खर्च येत नाही.

मग कारखान्याच्या नोंदींचा दाखला मागवावा. जॅग्वार असेल तर तो जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून मिळतो. एमजी, ट्रायम्फ किंवा ऑस्टिन-हीली असेल तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून. त्या चॅसिसवर मुळात कोणत्या क्रमांकाचे इंजिन बसवले होते, ते त्यात लिहिलेले असते. दाखला देणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेली नसते, ही त्यातली सर्वांत सोयीची बाब होय. भोळी माणसे आधी इंजिनाचा क्रमांक वाचतात आणि तो दाखल्याशी ताडून पाहतात. तुम्ही दाखला आधी मागवावा आणि क्रमांक नंतर ठोकावा, म्हणजे न जुळण्याचा प्रश्नच उरत नाही.

फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांमधल्या पत्र्यावरची, क्रमांकांची पाटी कोरी विकत मिळते. नव्या रिव्हेटांवर थोडे काळे ग्रीस चोळायला विसरू नये.

एमजी टीसीचे चॅसिस क्रमांक ०२५१ पासून सुरू होतात, कारण एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक २५१ होता. तुमचा क्रमांक त्याहून लहान असल्यास ‘प्रायोगिक गाडी’ म्हणून किंमत दुप्पट करावी.

जॅग्वार एक्सके १२० च्या पहिल्या २४२ गाड्यांनाच ॲल्युमिनियमची बॉडी होती. तुमची गाडी त्यांतली आहे असे भासवायचे असेल, तर गिऱ्हाइकाच्या हाती लोहचुंबक द्यावे आणि त्याला बॉनेट, दारे व डिकी यांवरच फिरवायला लावावे. पोलादी बॉडीच्या गाड्यांनाही हे भाग ॲल्युमिनियमचेच होते, हे सांगण्याचे आपल्याला कारण नाही. मडगार्डाकडे त्याचा हात वळला की चहा विचारावा.

आता मुख्य विधी, म्हणजे इंजिन. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या (इंजिनाच्या ओतीव धडाच्या) उजव्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या वर ठोकलेला असतो आणि तोच सिलिंडर हेडच्या, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाच्या, पुढच्या टोकालाही असतो. शेवटी डॅश देऊन येणारा ७ किंवा ८ हा आकडा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते, सांगतो. गेल्या रविवारी इंग्लंडच्या मिडलँड्समधल्या ज्या विक्रेत्याकडे मी एक्सके १२० पाहायला गेलो होतो, त्याने ब्लॉकवरची ती जागा ग्राइंडरने इतकी चकचकीत केली होती की तिच्यात दाढी करता आली असती. आकडे एका रांगेत नव्हते, त्यांची उंची एक नव्हती, आणि एका आठावर हातोडी दोनदा पडलेली स्पष्ट दिसत होती. ब्लॉकवर शेवटी ८ आणि हेडवर ७! त्यावर उत्तर काय, तर “मध्ये कधीतरी हेड बदलले असावे.” बरे, हेड बदलले असेल, पण मग सत्तर वर्षांच्या ओतीव लोखंडावर कालपरवाची झळाळी कुठून आली? गाडी ‘जन्मापासून राइट-हँड’ (उजवीकडे स्टिअरिंग असलेली) आहे, असेही मला सांगण्यात आले. उघड्या एक्सके १२० मध्ये राइट-हँड गाड्यांचे क्रमांक ६६ ने सुरू होतात आणि लेफ्ट-हँड गाड्यांचे ६७ ने. या गृहस्थाने स्वतःच बसवलेल्या नव्या पाटीवर ६७ होते! चॅसिसवरचा ठसा पाहू द्या म्हटले, तर “रंग नवा आहे, खरवडू नका.” इतके करूनही माझ्याकडेच ‘हौशी शंकेखोर’ म्हणून पाहिले गेले.

कोंडीत सापडल्यास लंडनच्या उच्च न्यायालयाच्या १९९० च्या निकालाचा दाखला द्यावा, जो या विक्रेत्यानेही दिलाच. १९२९ आणि १९३० मध्ये फ्रान्समधली ल मांची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीचे बहुतेक भाग बदललेले असूनही न्यायालयाने तिची ओळख मान्य केली होती. मात्र तिचे कोणते भाग कधी बदलले याचा सलग इतिहास समोर होता म्हणून ती मान्य केली. तुमच्याकडे ग्राइंडर आहे, इतिहास नाही.

इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही. या गाड्या शर्यतींत धावल्या, थंडीत गोठून त्यांचे ब्लॉक फुटले. बीएमसी (एमजी आणि ऑस्टिन-हीली बनवणारी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) तर जुने इंजिन परत घेऊन ‘गोल्ड सील’चे दुरुस्त केलेले इंजिन देत असे, आणि त्यावर वेगळा क्रमांक असे. ही सगळी त्या गाडीची खरी हकीकत आहे, आणि तुम्ही ती कानशीने पुसून टाकता. तुम्ही ठोकलेल्या क्रमांकाचे खरे इंजिन उद्या अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजात सापडले, तर एकाच क्रमांकाची दोन इंजिने होतील आणि पुढच्या मालकाला दोन्हींवर विश्वास ठेवता येणार नाही. ही लबाडी आहे, तिला हौस म्हणू नका. जाहिरातीत ‘इंजिन त्याच जातीचे आहे, मूळचे नाही’ अशी एक ओळ लिहा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करा.