बेघर होऊ नये म्हणून घ्यावयाची खबरदारी

रात्री अकराच्या पुढे दादर-माटुंग्याकडच्या एखाद्या उड्डाणपुलाखालून गाडी काढताना तुमच्या मनात एक प्रश्न येतो: ही माणसं काही करत का नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तरही तुमच्यापाशी तयार असतं, हे त्याहून छान. 'हातपाय हलवायला नकोत, दुसरं काय!' काच वर असते, एसी चालू असतो, त्यामुळे या उत्तराला बाहेरून कुणी हरकत घेत नाही आणि सिग्नल सुटेपर्यंत विषय मिटलेला असतो.

तरी सावध राहिलेलं बरं. आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून काही पथ्यं आहेत. त्यातली बरीचशी तुम्ही नकळत पाळलेली आहेत, म्हणून तर हे पंख्याखाली बसून वाचताय. उजळणी झाली की मुलाबाळांना सांगता येतील.

आधी आईवडील नीट निवडा. यात हयगय नको. शक्यतो असे वडील बघा, ज्यांच्या वडिलांनी गिरगावात नाहीतर दादरला पागडीची खोली घेऊन ठेवली होती. एकदा रक्कम मोजायची आणि पुढे नाममात्र भाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहायचं, पागडीसारखं सुख नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला धरून बांधून टाकली. पुढे १९९९ चा नवा कायदा आला आणि त्याने वर्षाला चार टक्के वाढ देऊ केली. मूळ भाडं पन्नास रुपये असेल तर चार टक्के म्हणजे रुपये दोन. त्या दोन रुपयांवरून तुमच्या काकांनी घरमालकाला कोर्टात खेचलं असेल, तर यालाच प्रयत्नवाद म्हणतात. पागडी जमली नाही तर निदान असे वडील बघा, ज्यांच्या हापिसातल्या मंडळींनी मिळून सरकारकडून स्वस्तात जमीन घेतली आणि सोसायटी उभी केली. फुकटात काही घेऊ नये, हे संस्कार अशाच घरांतून होतात.

आता काही हट्टी माणसं असली घरं सोडून झोपडीत जन्म घेतात. त्यांनी निदान तारीख तरी बघावी. १९७६ ला झोपड्यांची गणना झाली, फोटोपास म्हणजे झोपडीवाल्यांची ओळखपत्रं निघाली. मग पात्र ठरायची मुदत १९८० झाली, मग १९८५, मग १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००. त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देऊ असं ठरलं. म्हणजे बघा, ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री ज्याने पत्रा ठोकला तो पात्र, आणि खिळे संपले म्हणून दोन दिवस थांबला तो अतिक्रमणवाला. पात्र-अपात्रांच्या यादीला झोपडपट्टीत 'परिशिष्ट दोन' म्हणतात. कुठल्याही पुनर्वसन योजनेत ती यादी लागली की लोक दहावीच्या निकालासारखी बोटं फिरवून नाव शोधतात आणि नावासमोर पात्र की अपात्र ते बघतात. जुनं लाइट बिल लागतं, मतदार यादीतलं नाव लागतं. कागद २६ जुलैच्या पुरात वाहून गेले असतील तर पुराच्या आधी लॅमिनेशन का नाही केलं, एवढाच प्रश्न उरतो. पुन्हा मुद्दा तोच: प्रयत्न कमी पडले.

डिसेंबर २००४ पासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत महापालिकेने या शहरात ८० हजारांहून अधिक झोपड्या तोडल्या. मुंबईचं शांघाय करायचं होतं. शांघाय झालं नाही ते एका परीने बरंच झालं, आपल्याला तिथल्या रांगेत उभं राहायची सवय नाही. पण एका हिवाळ्यात इतकी कुटुंबं एकदम आळशी कशी झाली, यावर कुणीतरी पीएचडी करायला हवी.

नोकरीचंही बघून घ्या. गिरणीत बिलकूल लागू नका. लागलात तर कामगार पुढारी दत्ता सामंतांना भेटू नका. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागे घेतल्याचं रीतसर आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही. म्हणजे नियमाप्रमाणे ती माणसं अजून संपावरच आहेत, घरी बसून खाताहेत. गिरण्यांच्या जमिनीचं मात्र तसं नाही, ती फार कष्टाळू निघाली. १९९१ च्या नियमाप्रमाणे तिचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली, वाटे फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीचे करायचे ठरले आणि पहिले दोन वाटे एकदम अंग चोरून बसले. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही त्यावर मान डोलावली. आता लोअर परळला ज्या मॉलमध्ये तुम्ही पार्किंग शोधत वीस मिनिटं फिरता, तिथे कुणीतरी साचेखात्यात, मागांसमोर, तीस वर्षं उभ्याने काढलेली असतात. त्या माणसाला किंवा त्याच्या वारसाला घर देण्याची सोयही सरकारने केलेली आहे. दीड लाखांहून जास्त अर्ज आले आणि घरं त्याच्या कितीतरी कमी, म्हणून सोडत काढतात. जिंदगीभर कष्ट करा आणि शेवटी चिठ्ठीत नाव निघतंय का बघा. यात प्रयत्न नेमके कुठे बसवायचे ते तुम्हीच बघा, मला अजून जागा सापडलेली नाही.

दुष्काळी तालुक्यात जन्म नको. धरणाच्या पोटात गाव नको. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्यांची नातवंडं अजून पुनर्वसनाचे अर्ज लिहिताहेत. नवरा मारकुटा नको. पोरं अमेरिकेत किंवा व्यसनात नकोत. डोकं फिरू देऊ नका, कारण डोकं फिरलेल्या माणसाला ठाण्याच्या मेंटलपर्यंत नेणारे नातेवाईक असतात, परत आणायला जाणारे तितके नसतात. एवढ्या साध्या गोष्टी पाळल्या तरी निम्मं काम होतं.

आणि आजारी पडू नका. पडायचंच असेल तर मुंबईत स्वतःचा फ्लॅट असताना पडा. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर एकदा सकाळी चक्कर मारून बघा. निळं प्लास्टिक दोरीने कुंपणाला बांधलेलं, खाली सतरंजी, कडेला स्टोव्ह. गजाला एक मोठी कॅरीबॅग टांगलेली असते. तिच्यात फाइल, सीटी स्कॅनच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट. खाली ठेवली तर ओल लागते. विदर्भातून किंवा खानदेशातून आलेली एखादी बाई ती पिशवी सारखी चाचपून बघते. पैसे कमरेला आहेत, त्यांची तिला एवढी धास्ती नाही. फाइल गेली तर पहिल्यापासून सगळं. नवरा भिंतीला टेकून बसलेला, तोंडाला मास्क, गळ्याशी औषधाने काळी पडलेली कातडी. गावी दोन एकर होतं. एक ऑपरेशनला गेलं, दुसरं ये-जा आणि औषधांत. हॉस्पिटलात सवलत मिळते, ती कुणी नाकारत नाही, पण त्या सवलतीत राहायला जागा येत नाही. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा खास अशा पेशंटसाठी आहे, तिथे नंबर लागेपर्यंत दिवस जातात. आता तुम्ही तिच्यापाशी उकिडवं बसा आणि विचारा, बाई, तुम्ही घरासाठी काय प्रयत्न केलेत? मराठीतच विचारा. आपली माणसं आहेत, समजून घेतील.

यावर कुणी म्हणेल की फुटपाथवरचे सगळेच काही पेशंट नसतात, काही धडधाकट असतात. असतात ना. पहाटे सहा-साडेसहाला नाक्यावर जा. घमेलं, फावडं, थापी घेऊन बसलेले बिगारी आणि गवंडी दिसतील, मुकादम कधी बोट करतो याची वाट बघत. काम मिळालं तर ते टॉवरच्या अठराव्या मजल्यावर विटा चढवतात आणि संध्याकाळी त्याच टॉवरच्या कुंपणाबाहेर भाकऱ्या थापतात. घराची एवढी ओढ असलेला माणूस दुसऱ्याचं घर बांधून आपल्या बिस्तऱ्यावर कसा जातो, हे कोडंच आहे. झोपडपट्टीतल्या दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं त्याच्या मजुरीतून एकवेळ निघेल. डिपॉझिट निघत नाही. डिपॉझिट साठवायचं तर ते ठेवायला जागा हवी, आणि जागेला डिपॉझिट हवं. हे गणित तुम्ही कधी सोडवलेलं नाही, कारण तुमच्या पहिल्या डिपॉझिटला सासऱ्यांनी मदत केली होती. ते हातउसने होते, मान्य.

हीच गोष्ट १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही लिहून ठेवली आहे. १९८१ ला अंतुले मुख्यमंत्री असताना फुटपाथवाल्यांना हाकलायचं ठरलं, पत्रकार ऑल्गा टेलिस कोर्टात गेल्या. कोर्ट म्हणालं, ही माणसं तिथे राहतात कारण काम तिथे आहे, आणि पोट भरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. वाचून अंगावर मूठभर मांस चढतं. मग त्याच निकालात सांगितलं की ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, हटवू नका. नंतर हटवा. कायद्याला सर्दी-पडशाची काळजी असते, हे एक बरं आहे.

ज्याला काम मिळत नाही त्याच्यासाठीही कायद्याने छपराची सोय ठेवलेली आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा बघा. त्यासाठी प्रत्यक्ष हात पसरलाच पाहिजे असंही नाही. उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय की भिकेवर जगत असावा, एवढंही पुरतं. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं, पुढे दहा वर्षांपर्यंत. चेंबूरला भिक्षेकरी गृह आहे. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची बरीचशी कलमं रद्द करून टाकली, पण दिल्लीकरांना शिस्त कुठून असणार.

रात्र निवाऱ्याचीही व्यवस्था आहे. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने मोठ्या शहरांना सांगितलं की लाखामागे एक निवारा हवा. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे. जेवणानंतर शतपावलीला निघालात की मोजत चला. सगळे मोजून झाल्यावरही शतपावली पुरी होणार नाही, पण शुगरला चालणं चांगलं.

त्याच जनगणनेत मुंबईत बेघर माणसं भरली ५७ हजारांच्या वर, आणि कुलूप लावलेली रिकामी घरं सुमारे ४ लाख ८० हजार. एकेका माणसामागे आठ-आठ घरं, आणि तरी गडी फुटपाथवर! याला करंटेपणा नाही तर काय म्हणायचं? उलट घर रिकामं ठेवणाऱ्याचे कष्ट बघा. मेंटेनन्स भरायचा, महिन्यातून एकदा जाऊन नळ सोडायचा, भाडेकरू बळकावेल या धास्तीने झोप नाही.

तुमचेही कष्ट कमी नाहीत. गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट तुम्ही घेतलीत, त्यासाठी बँकेचं सर्टिफिकेट आणायला स्वतः गेलात. आता इमारत जुनी झाली म्हणून पुनर्विकास निघालाय. सहाशे कार्पेटच्या जागी आठशे मिळणार, शिवाय कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे, शिवाय बांधकाम होईपर्यंतचं भाडं, शिवाय टेम्पोचे पैसे. तुमच्या खिशातून एक रुपया नाही. वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, विकून बिल्डर तो खर्च काढणार. समोरच्या झोपडपट्टीतही नेमका असाच हिशोब मांडून तीनशे फुटांचं घर देतात, त्याला आपण 'फुकट्यांची चैन' म्हणतो आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याकडे कॉर्पसची फाइल कुठे असते!

या सगळ्यात एकच अडचण आहे, गोरेगावच्या सिद्धार्थनगरातली पत्राचाळ. ६७२ कुटुंबं. नोकऱ्या करणारी, गणपतीची वर्गणी वेळेवर देणारी. २००८ साली पुनर्विकासाचा करार झाला, त्यांनी सह्या केल्या, घरं रिकामी केली, भाड्याने राहायला गेली. चटईक्षेत्र दुसऱ्याच बिल्डरांना विकलं गेलं. काही वर्षांनी भाडं यायचं बंद झालं. २०१८ मध्ये म्हाडाने करार रद्द केला तोवर एकाही कुटुंबाला घर मिळालेलं नव्हतं. मधल्या काळात कुणी गावी गेलं, कुणी मुलीच्या घरी, कुणी अंबरनाथच्या पलीकडे, कुणी वरच.

यांना कुठल्या रकान्यात टाकायचं? माझं ऐकाल तर तिथेही 'प्रयत्न कमी पडले' असंच लिहा, नाहीतर पहिल्यापासून सगळं खोडावं लागेल. आणि तुम्हाला वेळ कुठे आहे, रविवारी दहा वाजता तुमच्याच सोसायटीची सभा. सह्या व्हायच्यात. करारात भाड्यापोटी बँक गॅरंटी आहे की नाही, ते तिथे उगाच उकरून काढू नका. बिल्डरला वाईट वाटेल, आणि चहा-सामोसे त्याच्याकडूनच आहेत.