‘पुश’वाल्या वाचकांना उत्तर

महोदय,

‘पुश नोटिफिकेशन असताना अ‍ॅपची बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड करायला सांगणं हा अडाणीपणा आहे, लेखकाने आधी अभ्यास करावा.’ ऑफिसचा इंटरकॉम मोबाईलवर आणणारं अ‍ॅप स्क्रीन बंद असताना वाजत नसेल, तर त्याची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, म्हणजे त्याला मागे चालू राहू द्या, असं मी लेखात सांगितलं होतं. तुम्हाला हवंय पुश, म्हणजे बाहेरून निरोप पाठवून झोपलेलं अ‍ॅप जागं करणं. तुमचं हे वाक्य दोनदा वाचलं. इतक्या मोकळेपणाने माझ्या वडिलांनीही मला कधी सुनावलं नव्हतं.

एक चूक कबूल. डोझ, म्हणजे फोन नुसता पडून असला की अ‍ॅपना झोपवून बॅटरी वाचवणारं तंत्र, अँड्रॉइड 6 सोबत 2015 साली आलं, मी 2016 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

आता अडाणीपणाकडे वळू. मी चौदा वर्षं ऑफिसांत इंटरकॉम आणि एक्सचेंज बसवतोय. 2020च्या टाळेबंदीत एका गिऱ्हाइकाची एक्स्टेंशनं, म्हणजे ऑफिसातले आतले फोन नंबर, लोकांच्या मोबाईलवर नेऊन दिली. माझ्याच घरी चाचणी घेतली. फोन ओट्यावर, स्क्रीन काळी. मी आतल्या खोलीतून डायल करतोय आणि ओट्यावर शुकशुकाट. बायकोने वेळ बघायला फोन उचलला, स्क्रीन उजळली आणि तो तिच्या हातातच खणाणला. दूध उतू गेलं ते वेगळं.

कारण साधं आहे. अ‍ॅप झोपलं की सर्व्हरला ‘मी आहे’ म्हणून हाक मारत नाही, आणि यूडीपीवर (अ‍ॅप आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात ती) काही हालचाल दिसली नाही की राउटर थोड्याच वेळात आत यायची वाट विसरतो. काही राउटर तर अर्ध्या मिनिटात.

पुशने हे सुटतं, मान्य. पण पुश करायला कुणीतरी लागतं ना? कॉल आला की सर्व्हरने एफसीएमला, म्हणजे गूगलच्या पुश पोहोचवणाऱ्या सेवेला, कळवायचं, तिने फोन जागा करायचा, अ‍ॅपने पुन्हा रजिस्टर व्हायचं, मग घंटा. व्हॉट्सअ‍ॅपला जमतं, कारण अ‍ॅपही त्यांचं आणि सर्व्हरही त्यांचेच. माझ्या गिऱ्हाइकाकडे कपाटावर ठेवलेला जुना अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं टेलिफोन एक्सचेंज, आहे. त्याला एफसीएम कशाशी खातात ते माहीत नाही. मग मध्ये दुसऱ्या कुणाचा तरी सर्व्हर आणा. काही अ‍ॅपांत तर एक्स्टेंशनचा पासवर्डही त्याच्याच हवाली करा. उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं!

आयफोनबद्दल लिहिलं नाही म्हणता. लेखाच्या मथळ्यातच अँड्रॉइड आहे, चष्मा लावून वाचा. बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नसेल तर चार्जर नावाची वस्तू मिळते.

तुमच्या ऑफिसात पुश झकास चालतं असंही लिहिलंय. छान. तो मधला सर्व्हर कुणाचा आणि त्याचे पैसे कोण भरतं, तेवढं कळवा.